एकापुरता श्वास

वाइलेमु, तुतुइला बेट
११ मार्च २०१८

सार्जंट हालव्हर्सन साहेब यांस,

माझं नाव लागी सापोलू. तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्या धाकट्या भावाला, तानिएलुला, कदाचित ओळखत असाल. इराकमध्ये तो तुमच्या हाताखाली रसदीच्या ट्रकवर होता. तुमचा पत्ता होनोलुलूच्या एका वकीलबाईंनी शोधून दिला.

आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे मुद्द्याचं आधी सांगायची सवय आहे. तानिएलुला सैन्यानं काढलं ते नशेपायी. लघवीच्या तपासणीत सापडला. कागदावर शेरा आहे, ‘सन्मानाविना सेवामुक्त’. तो शेरा बदलून मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला आहे.

इतकी वर्षं गप्प बसून आत्ताच का, असं तुमच्या मनात येईल. त्याची पाठ. पूर्वी नुसती दुखायची, आता पायांतली ताकद चालली आहे. मळ्यातून तारोच्या कंदांची टोपली खांद्यावर घेऊन येताना मध्येच बसतो आणि ढग बघत असल्याचं सोंग करतो. आमचं बेट अमेरिकेचं असलं तरी भर महासागरात; ते ऑपरेशन इथं होत नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो, तर शेरा वाचून त्यांनी गोड बोलून परत पाठवलं.

अर्ज करायला तो तयार नव्हता. “गोळ्या मी घेतल्या, त्यात खोटं काय आहे?” एवढंच म्हणायचा. आमच्याकडे बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, तिचा शब्द भावानं मोडायचा नसतो. मी आजवर तो हक्क कधी वापरला नव्हता. या वेळी वापरला. त्यानं मान खाली घालून सही केली.

वकीलबाई म्हणतात, बरोबर असलेल्या कुणीतरी लिहून द्यायला हवं की हा सैनिक म्हणून कसा होता. तुम्हाला त्याच्याबद्दल चांगलं काही आठवत नसेल, तर तसंही कळवा. आम्ही बरंच ऐकून घेतलं आहे. तो परत आला तेव्हा वडिलांनी भिंतीवरचा त्याचा गणवेशातला फोटो उतरवला, आणि मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाहीत. आमचं घराणं कोळ्यांचं. हा पोरगा लहानपणी खडकांखाली इतका वेळ बुडून राहायचा की आईच्या जिवाचं पाणी व्हायचं. सैन्यातून आल्यापासून मात्र एक दिवस सोडला तर समुद्रात घोट्याच्या वर उतरलेला नाही. गाव म्हणतं नशेनं डोकं गेलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
लागी सापोलू


व्हॅलेंटाइनजवळ, नेब्रास्का
२ एप्रिल २०१८

लागीबाई,

आधी एक. मला साहेब म्हणू नका. साहेब म्हणजे अधिकारी. सार्जंट म्हणजे कामं करणारा माणूस.

आमची टपालपेटी घरापासून लांब, मोठ्या रस्त्यावर आहे. तुमचं पत्र मी तिथंच उभ्या उभ्या उघडलं, आणि मग गाडीत जाऊन बसावं लागलं. ‘सन्मानाविना’ हा शब्द वाचला आणि मला वाटलं, नावात काहीतरी घोटाळा आहे. कारण इतकी वर्षं मी समजत होतो की तानिएलुला पदक मिळालंय.

त्यानं तुम्हाला काहीच सांगितलेलं दिसत नाही. मग मी सांगतो.

उजाडत होतं. कालव्याच्या कडेनं आमचे ट्रक चालले होते. पुढच्या ट्रकमध्ये मी आणि रॅट्लिफ. ड्वेन रॅट्लिफ आमच्यात सगळ्यात वयस्क, गावाकडे शाळेची बस चालवायचा. सगळे त्याला आजोबा म्हणायचे. गाडी तोच चालवत होता. रस्त्याच्या कडेला सुरुंग उडाला, कड ढासळली आणि आमचा ट्रक उलटा होऊन कालव्यात गेला. चिलखती दारं चिखलात रुतली. माझा पाय चेपला गेला होता आणि तोंडावर हातभर पाणी. पाणी कसलं, काळा राडा. डोळे उघडले काय, मिटले काय, सारखंच.

मी धडपडलो, आणि मग धडपड संपली. घरच्यांची नावं मनात घेऊन झाली. छातीतली हवा सोडून दिली. आणि त्याच क्षणी, लागीबाई, त्या काळोखात कुणीतरी माझा जबडा धरला, माझ्या तोंडाला तोंड लावलं आणि आत हवा फुंकली.

मग ते माणूस गेलं. मला वाटलं, मेल्यावर असंच होत असणार. तर ते परत आलं. परत हवा. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. किती वेळा ते मला सांगता येणार नाही. नंतर नंतर तर मी वाट बघायला शिकलो होतो. मी चर्चला जाणारा माणूस नाही, पण देवानं मातीच्या माणसात श्वास फुंकला म्हणतात ना, त्याबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये. मला ते कसं लागतं हे ठाऊक आहे.

तो तुमचा भाऊ होता. मागच्या ट्रकमधून चिलखत फेकून त्यानं उडी मारली होती. आमच्यातल्या कुणालाही ते जमलं नसतं. दुसऱ्या ट्रकला साखळी लावून आमचा ट्रक ओढायला घेतला, तेव्हाही तो पाण्यातून निघाला नाही. ओढताना ट्रक सरकला आणि त्याला काठावर दाबून गेला. त्याची पाठ तिथं गेली.

रॅट्लिफ वाचला नाही. डॉक्टर म्हणाले, आदळताच गेला असणार. मला जर्मनीला नेलं, तिथून घरी. मी तानिएलुला तुकडीच्या पत्त्यावर लिहिलं, उत्तर आलं नाही. तोवर तुकडीतले वरचे लोक बदलले होते. मी समजलो, तो आपल्या बेटावर हारतुऱ्यांत बसला असेल.

गोळ्या त्याला पाठीसाठीच दिल्या असतील. मलाही पायासाठी दिल्या होत्या. माझ्या बायकोनं त्या कुलपात ठेवल्या आणि रडत रडत मोजून दिल्या, म्हणून मी सुटलो. त्याच्याजवळ कोण होतं?

मी लिहून देईन. बोलायला बोलावलं तर बोलेन. त्याला सांगा की... नको, काही सांगू नका.

ओरिन हालव्हर्सन


वाइलेमु
६ मे २०१८

ओरिनभाऊ,

तुम्हाला असं म्हटलेलं चालेल ना? ज्याच्या छातीत माझ्या भावाचा श्वास आहे त्याला दुसरं काय म्हणू?

पत्र वाचलं आणि तशीच मळ्याकडे चढत गेले. तो तारो खणत होता. मी बांधावर उभी राहिले. मला वाटत होतं मी या माणसाला लंगोटात असल्यापासून ओळखते. शेवटी म्हटलं, “हालव्हर्सननं लिहिलं आहे.” त्यानं पहार खाली ठेवली. हाताची माती पुसली. मग विचारलं, “त्यांचा पाय राहिला का?”

बस, तेवढंच.

आता माझी पाळी. ‘एक दिवस सोडला तर’ असं मी लिहिलं होतं, तो दिवस कुठला ते सांगते. कारण तुमचं पत्र वाचेपर्यंत त्या दिवसाचा अर्थ मलाच कळला नव्हता.

दोन हजार नऊ साली सप्टेंबरात आमच्याकडे समुद्र आला. सकाळी जमीन हलली, थांबेचना. मग पाणी मागे सरकत गेलं आणि खडकांचा सगळा तळ उघडा पडला. मासे तडफडत होते, आणि एवढी शांतता की दूरवर कुणाचं तरी कुत्रं ऐकू येत होतं. जन्मभर समुद्रावर राहिलेली माणसं आम्ही, आणि तो तळ आम्ही कधी पाहिला नव्हता. काही जण नुसते बघत राहिले. मीही. इतकं ते भव्य होतं. मग कुणीतरी चर्चची घंटा बडवायला लागलं आणि आम्ही डोंगराकडे पळालो.

सगळे वर पळत होते आणि तानिएलु खाली. तो वर मळ्यातच झोपडी बांधून राहायचा, तिथं पाणी पोचणारच नव्हतं. मी ओरडले, त्यानं ऐकलं नाही.

बाजाराकडे निघालेली गावची लाकडी बस लाटेनं उचलली होती आणि फणसझाडांच्या मध्ये आडवी करून टाकली होती. आत बायका, शाळेची मुलं. चिखलाचं पाणी खिडक्यांच्या वर. मी उतारावरून पाहिलं, माझा भाऊ काठाशी येऊन थांबला. त्याचे पाय थरथरत होते, ते मला तेवढ्या लांबून दिसलं. मी तेव्हा मनात म्हटलं, नशेनं पोखरलेलं शरीर, दुसरं काय. आता कळतं, त्याला समोर काय दिसत होतं. मग तो आत गेला.

तो एकेकाला घेऊन वर यायचा, झाडाच्या फांदीवर ठेवायचा आणि परत जायचा. दुसरी लाट आली तेव्हा तो आतच होता. आम्ही वरून प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, ती त्याच्यासाठी शेवटची म्हणून. लाट ओसरली आणि बसच्या मागच्या खिडकीतून त्याचा हात बाहेर आला. त्या हातात एका मुलीची वेणी होती, आणि वेणीच्या खाली जिवंत मुलगी.

बसमधली लोसा आजी सोडली तर सगळे जिवंत निघाले. आजीच्या अंत्यविधीला तो सगळ्यांच्या मागे, दाराबाहेर बसला, जणू त्यानंच तिला मारलं होतं. लोक आभार मानायला आले, तर मळ्यात जाऊन लपला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा समुद्राकडे पाठ. गावानंही हळूहळू तो विषय सोडला. माणसं विसरतात असं नाही, ओरिनभाऊ. पण ज्याला आपण नावं ठेवली, त्याच्यापुढे एकदम हात जोडायचे कसे, हे कळत नाही.

लागी


व्हॅलेंटाइन
३ जून २०१८

लागीताई,

पाय आहे. थोडा आखूड आहे, त्यामुळे माझ्या चालण्यावरून लोक मला लांबून ओळखतात. त्याला सांगा.

तुमचं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. ‘मग तो आत गेला’ इथं थांबलो ते पुढं जाता येईना. पुढचं तिनं वाचलं. मी ट्रकच्या त्या केबिनमध्ये एकदाच होतो, तेही बुडत असताना. पण मला कुणी सांगितलं की तसल्याच उलट्या, भरलेल्या गाडीत परत शीर, तर मी माझ्या पोटच्या पोरीसाठी शिरलो असतो का? हो म्हणावंसं वाटतं. पण शपथेवर म्हणणार नाही. मी इथं गुरांच्या पाण्याच्या पवनचक्क्या दुरुस्त करतो, आणि अजूनही टाकीत वाकून बघताना एक हात काठाला घट्ट धरतो.

आणि तो गेला. तोही अशा गावासाठी, जे त्याला वेडा समजत होतं.

माझा जबाब वकीलबाईंना पाठवला आहे. नोटरीबाईसमोर सही करताना तिनं तो वाचला आणि शुल्क घेतलं नाही. सुनावणीला मी फोनवर असेन.

ओरिन


वाइलेमु
१८ नोव्हेंबर २०१८

ओरिनभाऊ,

तुमचा जबाब झाल्यावर लाइन तोडली, तसा नियमच आहे म्हणे. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. पत्र लिहू की नको, यात काही दिवस गेले.

कॉलेजच्या खोलीत पडदा लावला होता. पडद्यावर पाच अधिकारी, मधोमध एक पिकल्या केसांच्या बाई. तानिएलु पांढरा सदरा आणि काळा लावालावा, म्हणजे आमची लुंगी, नेसून ताठ बसला होता. ताठ बसणं त्याला किती महाग पडतं, ते त्यांना कुठलं कळायला. तुमचा आवाज खोलीत घुमला तेव्हा त्यानं डोळे मिटले. तुम्ही थांबलात तरी उघडले नाहीत.

मग एका अधिकाऱ्यानं विचारलं, सेवेनंतरच्या वागणुकीबद्दल अर्जदाराची बहीण सांगते, त्याला आणखी कुणाचा आधार आहे का? वकीलबाई कागद काढायला वाकल्या, आणि त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं.

मी कुणाला सांगितलं नव्हतं, देवाशपथ. पण आमच्या बेटावर बसमध्ये शिंकलं तरी शेवटच्या गावाला कळतं. बाहेर हिरवळीवर माणसं बसली होती. बसमधल्या बायका. त्या वेळची शाळकरी मुलं, आता मोठी झालेली, काहींच्या कडेवर स्वतःची मुलं. ती वेणीवाली मुलगी पोटुशी आहे, ती झाडाला टेकून उभी होती. कुणी घोषणा नाही, गाणं नाही. चर्चला जाताना घालतात तसे पांढरे कपडे घालून सगळे नुसते बसले होते. ज्यांना आम्ही डोंगरावरून मेलेले समजलो होतो, ते आणि त्यांच्यापासून जन्मलेले.

वकीलबाईंनी कॅमेरा खिडकीकडे वळवला.

त्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात तानिएलु बोलला. वकीलबाईंनी त्याला बजावलं होतं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

तो म्हणाला, “बाई, हे लोक मला जो समजतात तो मी नाही. सार्जंटही मला जो समजतात तो मी नाही. सगळे म्हणतात गोळ्या पाठीसाठी घेतल्या. पाठ दुखत होतीच. पण ट्रकच्या केबिनमध्ये दोघं जिवंत होते. मी चाचपून पाहिलं, दोघंही हलत होते. एका दमात मला एकापुरताच श्वास आणता येत होता. दोघांना वाटला असता तर दोघंही गेले असते. मी सार्जंटना दिला. प्रत्येक वेळी रॅट्लिफ आजोबांच्या अंगावरून जात होतो. पाठीच्या गोळ्या घेतल्या की ते थोडं लांब जायचं. म्हणून घेतल्या. नंतर त्याहून वाईटही घेतलं. ते खोटं नाही, आणि मला ते लपवायचं नाही.”

वकीलबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी मनात म्हटलं, यानं स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं. त्या पिकल्या केसांच्या बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “सापोलू, आम्ही ऐकलं.” कामकाज संपलं.

हे तुम्हाला लिहिणं क्रूरपणा आहे की न लिहिणं, मला ठरवता आलं नाही. शेवटी वाटलं, ज्या गोष्टीनं माझ्या भावाला इतकी वर्षं एकट्याला खाल्लं, ती त्यानं एकट्यानं वाहू नये.

लागी


वाइलेमु
२७ जानेवारी २०१९

ओरिनभाऊ,

तुमचं उत्तर नाही. रागावला असाल तर तो तुमचा हक्क आहे. पण हे कळवायलाच हवं.

निकाल आला. शेरा बदलला. ‘सन्मानाने.’ एवढा एकच शब्द मी तानिएलुला वाचून दाखवला, तर त्यानं पुन्हा वाचायला लावला. कारण म्हणून त्यांनी लिहिलं आहे की अर्जदाराच्या कथनात स्वतःच्या बचावाचा लवलेश नाही, म्हणून त्यांनी त्याच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला. जे बोलून त्यानं दार लावून घेतलं असं मला वाटलं, त्यानंच ते उघडलं. मी बाई शहाणी, मला काय कळतं.

मार्चमध्ये होनोलुलूला ऑपरेशन.

लागी


व्हॅलेंटाइन
२४ फेब्रुवारी २०१९

लागीताई,

राग नाही. या दिवसांत गाई वितात. मी रात्रंदिवस गोठ्यात काढले आणि स्वतःला सांगत राहिलो की वेळ नाही म्हणून लिहीत नाही.

एका सकाळी गोठ्याबाहेर उघड्यावरच वासरू निपचित जन्मलं. मी त्याच्या नाकात फुंकर घातली, आम्ही घालतोच, त्यात नवीन काही नाही. ते फुरफुरलं आणि उठून बसलं. मी तिथं गवतावर बसून राहिलो. माझी इन्ग्रिड शोधत आली तेव्हा अंगावर बर्फ जमलं होतं. त्या कालव्याच्या सकाळी ती तीन आठवड्यांची होती. आता ती ट्रॅक्टर चालवते आणि मला शिकवते. ती जे जे करते ते आता मला वेगळंच दिसतं. मला अजून या सगळ्याला नाव देता येत नाही.

निकालाचं वाचून मी टोपी काढली. आसपास गाईंशिवाय कुणी नव्हतं.

तानिएलुला एकच विचारायचं आहे. त्याला नसेल सांगायचं तर नको. मीच का?

ओरिन


होनोलुलू, दवाखाना
१४ एप्रिल २०१९

सार्जंट,

ताईसारखं लिहायला मला येत नाही. ऑपरेशन झालं. पायाची बोटं हलतात. डॉक्टरीण म्हणते, चालशील.

तुम्ही विचारलंत, मीच का. मंडळापुढं मी अर्धंच सांगितलं. मेलेल्या माणसाला माझ्या बाजूनं साक्षीला उभं करणं मला बरं वाटलं नाही. तो नाही म्हणायला येऊ शकत नाही. पण तुम्हाला सांगायला हवं.

पहिल्या बुडीत मी आधी आजोबांपाशी पोचलो होतो. दार त्यांच्या बाजूनं मला जेमतेम शिरता येईल एवढं फाटलं होतं, आणि ते स्टिअरिंगखाली अडकले होते. मी पहिला श्वास त्यांनाच द्यायला गेलो. त्यांनी माझं तोंड हातानं बाजूला सारलं. मला वाटलं घाबरलेत, बुडणारा माणूस मारतो. मी परत गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं, शांतपणे, पोराला रस्ता ओलांडून देताना धरतात तसं, आणि माझा हात ओढून तुमच्या चेहऱ्यावर ठेवला. तुम्ही तिथं आहात हे मला त्यांनीच दाखवलं. काळोखात मला ते कळलंच नसतं.

पुढच्या प्रत्येक खेपेला मी आधी त्यांना चाचपलं. त्यांनी प्रत्येक वेळी माझा हात तुमच्याकडे सारला. मग एकदा सारला नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी निवडलं. कारण मी त्यांच्यावर जबरदस्ती करू शकलो असतो. केली नाही. पण निवडलं त्यांनी. अशी ताकद माणसात असते हे मी हातानं चाचपून पाहिलंय आणि मला ते सहन झालं नाही. समुद्र मागे गेला तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत उभे होते म्हणे. मी तसाच त्या हातापुढे उभा आहे, अजून.

त्यांच्या बायकोला सैन्यानं कळवलंय की ते आदळताच गेले. ती टेनेसीत असते, वकीलबाईंनी पत्ता काढलाय. नाव मर्ल. तिला ठाऊक नाही की तिच्या नवऱ्यानं काय केलं. ते पत्रानं सांगायचं नाही, आणि मला एकट्याला जमायचं नाही. मी उठलो की जाणार आहे. ताई म्हणते, मीही येते, तू अर्धंच सांगशील.

तुम्ही इन्ग्रिडला घेऊन याल का? मर्लबाईंनी तिला बघावं, त्यांच्या नवऱ्यानं जिला बाप राखून दिला तिला.

तानिएलु